इराणी चित्रपट कुठून सुरू करावेत? आणि 'कॉपी खराब आहे' असं कधी समजू नये?

बाल्कनी_क (धागाकर्ता)

परदेशी भाषांतले चांगले चित्रपट सुचवा म्हटलं की शंभर नावांची यादी येते आणि त्यातला एकही बघून होत नाही. म्हणून हा धागा एकाच देशापुरता ठेवतोय: इराण. बरेचसे चित्रपट दीड तासाच्या आसपासचे, माणसं आपल्या वाड्यात-चाळीत सापडतील अशी, मारधाड जवळपास नाही.

अडचण वेगळीच आहे. बघून झाल्यावरच्या तक्रारी ठरलेल्या असतात. 'शेवटी आवाजच तुटत होता.' 'शेवटची काही मिनिटं भलत्याच कॅमेऱ्याने काढल्यासारखी होती.' 'निकाल काय लागला ते सांगितलंच नाही.' 'बाई स्वतःच्या घरातही डोक्यावरचा रुमाल काढत नाही.' यातलं सगळं एक तर ठरवून केलेलं आहे, नाहीतर नियमामुळे झालेलं. सबटायटल पुढेमागे होणं, चेहरे चपटे दिसणं हे मात्र खरोखरचे दोष, आणि ते पाच मिनिटांत दुरुस्त होतात. लोक नेमकं उलट करतात: दोष मुकाट सोसतात आणि करामतीला दोष समजून चित्रपट बंद करतात.

माझा क्रम असा.

'द व्हाइट बलून' (1995, जाफर पनाही, 85 मिनिटं). नवरोजच्या आधीचा तास-दीड तास. सात वर्षांच्या मुलीला सोनमासा हवाय. माशाची किंमत 100 तोमान, आईने दिलेली नोट 500 ची, आणि ती नोट जाळीतून खाली तळघरात पडते. बस्स, एवढंच. चित्रपटातला वेळ आणि आपल्या घड्याळातला वेळ जवळपास एकच चालतो. रेडिओवर नववर्षाला किती अवधी उरला ते सांगतात, तिकडे कान ठेवा.

'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?' (1987, अब्बास कियारोस्तामी, 83 मिनिटं). वर्गमित्राची वही चुकून घरी आलीय, ती आज परत गेली नाही तर उद्या मास्तर त्याला शाळेतून काढणार. मोठी माणसं मुलाचं बोलणं ऐकतच नाहीत. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. कंटाळा आला तरी थांबा, त्या पुनरावृत्तीवरच चित्रपट उभा आहे.

मग 'अ सेपरेशन' (2011, असगर फरहादी, 123 मिनिटं), मग 'क्लोज-अप' (1990, कियारोस्तामी, 98 मिनिटं), आणि 'टेस्ट ऑफ चेरी' (1997) सगळ्यात शेवटी. पाम दोर (कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार) मिळालंय म्हणून लोक त्याच्यापासूनच सुरुवात करतात आणि अर्ध्या तासात घोरायला लागतात.

फुटकळ

वाचनखूण साठवली. पण क्रमाला माझी हरकत आहे. मोठ्या माणसांना आधी 'अ सेपरेशन'च द्यावा. त्याची रचना सरळसरळ रहस्यकथेची आहे: कोण खोटं बोललं, कोणाला काय माहीत होतं, कधी माहीत होतं. लहान मुलांच्या दोन चित्रपटांनी सुरुवात केली की 'इराणी म्हणजे गोग्गोड' असा शिक्का बसतो आणि पुढे कोणी जात नाही.

बाल्कनी_क

मान्य, पण फरहादीत संवाद फार दाट. दोन माणसं एकाच वेळी भांडतात आणि सबटायटल त्यातल्या एकाचंच बोलणं देतं. ज्याला खाली वाचत वर बघायची सवय नाही त्याचे डोळे 123 मिनिटं नुसते खालच्या दोन ओळींवरच राहतात. 'व्हाइट बलून'मध्ये संवाद सुटला तरी चेहऱ्यावरून कळतं. सवय असेल त्याने खुशाल फरहादीपासून सुरू करावं. मोबाइलवर मात्र नको.

जाईजुई

रुमालाचं नीट सांगाल का कोणी? झोपताना, आजारी असताना, नवऱ्यासमोर एकटी असतानाही डोकं झाकलेलं. खोटं वाटतं हो.

रीळवाला

जाईताई, खोटं वाटतं कारण ते खोटंच आहे, आणि इराणी प्रेक्षकालाही ते माहीत असतं. घरात बायका असं करत नाहीत. पण 1979 च्या क्रांतीनंतर नियम असा पडला की पडद्यावरची बाई नवऱ्यासमोर असली तरी तिला बघणारा प्रेक्षक परपुरुषच. त्यामुळे डोकं झाकलेलं हवं. तसंच नट-नटीने एकमेकांना स्पर्श करायचा नाही, पात्रं नवरा-बायको असली तरी. परवानग्या दोन: एक चित्रीकरणाची, दुसरी प्रदर्शनाची. पहिली मिळून दुसरी अडकू शकते. पनाहीचे 'द सर्कल' (2000) आणि 'ऑफसाइड' (2006) बाहेर गाजले, इराणमधल्या चित्रपटगृहांत लागले नाहीत.

आता याचा परिणाम बघा. शयनगृहातला प्रसंग दाखवायचा तर खोटेपणा आलाच. म्हणून शहाणे दिग्दर्शक तिथे जातच नाहीत. लहान मुलं घेतात, रस्ते घेतात, आणि मोटारगाडी घेतात. गाडी खासगी पण असते आणि चव्हाट्यावर पण. बाईने तिथे डोकं झाकलेलं असणं खरंच असतं, त्यामुळे प्रसंग खोटा पडत नाही. कियारोस्तामीचा 'टेन' (2002) तर अख्खा गाडीतच आहे, डॅशबोर्डवर लावलेल्या डिजिटल कॅमेऱ्याने काढलेला, दहा संभाषणं. त्यात एक बाई रुमाल मागे सारते आणि खाली डोकं तासलेलं निघतं. नियमाच्या कडेवरून चालणं ते हेच.

फरहादीने 'द सेल्समन'मध्ये (2016) हीच अडचण कथेत घेतली आहे. नाटकाची तालीम चालू आहे, संवादानुसार बाई कपड्यांवाचून असायला हवी, आणि ती उभी आहे अंगभर कोटात. समोरच्या नटाला हसू फुटतं. मुख्य कथेत न्हाणीघरात जे घडतं तेही आपल्याला दाखवलं जात नाही, आणि अख्खा चित्रपट त्या न दाखवलेल्या मिनिटाभोवती फिरतो.

अलीकडच्या चित्रपटांत रुमालावरून एक अंदाज बांधता येतो. घरातल्या बायका मोकळ्या केसांनी दिसल्या तर चित्रपट बहुधा परवानगीशिवाय, गुपचूप काढलेला. मोहम्मद रसूलोफचा 'द सीड ऑफ द सेक्रेड फिग' (2024) तसा. पनाहीच्या 'इट वॉज जस्ट अॅन अॅक्सिडेंट'मध्येही (2025, पाम दोर) काही बायका उघड्या डोक्याने वावरतात.

फुटकळ

'अ सेपरेशन'मध्ये घरी कामाला आलेली रझिया तिथल्या आजारी म्हाताऱ्याचे कपडे बदलण्याआधी फोन करून धर्माच्या दृष्टीने चालेल का असं विचारते, ते या स्पर्शाच्या मुद्द्याशी जोडून बघा. आपल्याला वाटतं बाई भलतीच कर्मठ आहे. तो प्रसंग पुढच्या सगळ्या गुंत्याची पहिली गाठ आहे: तिची श्रद्धा खरी आहे, म्हणूनच शेवटी शपथ घ्यायची वेळ येते तेव्हा ती अडते.

आणखी एक. धक्का दिल्यामुळे रझियाचा गर्भ पडला असा आरोप होतो, आणि तो चार महिन्यांपलीकडचा असल्यामुळे कायद्यानुसार प्रकरण थेट खुनाच्या आरोपापर्यंत जातं. हे डोक्यात नसेल तर 'एवढ्याशा धक्क्यासाठी एवढा आरडाओरडा का' असं वाटत राहतं. भरपाईच्या रकमेची घासाघीस चालते तीही लाचखोरी नाही, तिथल्या कायद्यातली तडजोडीची रीत आहे. पैशाचा हिशोब करताना 1 तोमान म्हणजे 10 रियाल. काही सबटायटलवाले मधूनच एकाचं दुसरं करून ठेवतात, त्यामुळे रक्कम दहापट वाढल्यासारखी वाटली तर घाबरू नका.

मोगरा७२

'कॉपी खराब' प्रकाराबद्दल कोणीतरी सविस्तर लिहा. 'क्लोज-अप'च्या शेवटी माइक बंद-चालू होतो तोच का?

बाल्कनी_क

तोच. रसभंगाचा इशारा, 'क्लोज-अप' आणि 'टेस्ट ऑफ चेरी' न पाहिलेल्यांनी हा प्रतिसाद सोडा.

हुसेन सब्झियान नावाच्या माणसाने आपण दिग्दर्शक मोहसेन मखमलबाफ आहोत असं सांगून तेहेरानमधल्या एका कुटुंबात प्रवेश मिळवला, पकडला गेला, खटला झाला. ही खरी घटना. कियारोस्तामीने त्याच माणसांना घेऊन घडलेले प्रसंग पुन्हा उभे केले. सब्झियान सब्झियानच, कुटुंब तेच कुटुंब. त्यामुळे तीन ठिकाणी लोक फसतात.

पहिलं, सुरुवात. पत्रकार आणि शिपाई टॅक्सीने येतात, घरात जातात, आत अटक होतेय, आणि कॅमेरा बाहेर टॅक्सीवाल्याजवळच बसतो. तो पाचोळ्याच्या ढिगातून फुलं वेचतो, मग पायाने एक रिकामा फवाऱ्याचा डबा ढकलतो, आणि डबा उतारावरून खडखडत जातो, जातच राहतो. लोक इथे पुढे ढकलतात. ढकलू नका. आत काय झालं ते खूप नंतर, दुसऱ्या बाजूने दिसणार आहे, आणि आपण तेव्हा बाहेर होतो हे लक्षात असलं पाहिजे.

दुसरं, कोर्टातलं चित्र एकदम भरड होतं. ते 16 मिमीवर काढलंय, बाकीचं 35 मिमीवर. फाइल बदलून उपयोग नाही.

तिसरं, शेवट. खरा मखमलबाफ तुरुंगाबाहेर सब्झियानला भेटतो, दोघं मोटारसायकलवरून निघतात, चित्रीकरणाची गाडी मागे. आणि नेमका तेव्हाच माइक बिघडल्यासारखा आवाज तुटायला लागतो, मागच्या गाडीतली माणसं 'जोडणी सैल झाली' वगैरे बोलतात. कियारोस्तामीने हा बिघाड मुद्दाम घडवलेला आहे. त्या दोघांचं बोलणं आपल्या कानी पडूच नये, एवढी आब त्याने राखली. त्या वेळी हेडफोन तपासत बसलात तर हातचा प्रसंग गेला.

'टेस्ट ऑफ चेरी'त शेवटी पडदा पूर्ण काळा होतो, नुसता पाऊस आणि गडगडाट ऐकू येतो. प्लेअर अडकलेला नाही. त्यानंतर धुरकट व्हिडिओ सुरू होतो: सैनिक, कॅमेरावाले, स्वतः कियारोस्तामी, वर ट्रम्पेट. तोही चित्रपटाचाच भाग. आवडावा अशी सक्ती नाही. माझ्या मते त्या काळ्या पडद्यावरच थांबायला हवं होतं, पण यावर धागे भरून भांडणं होतील.

रीळवाला

शेवटच्या वाक्याशी कडाडून असहमत, पण भांडण नको. 'टेस्ट ऑफ चेरी'तल्या गाडीतल्या प्रसंगांबद्दल एक सांगतो: चालक आणि शेजारी बसलेला माणूस एका चौकटीत क्वचितच दिसतात, कारण चित्रीकरणात शेजारच्या आसनावर बऱ्याचदा कियारोस्तामी स्वतः बसून संवाद काढून घेत होता. म्हणून त्या बोलण्यात एक तुटकपणा राहतो. पटकथेला साजेसाच आहे तो.

सुताराचा_पक्षी

आता खऱ्या दोषांकडे. सबटायटल जुळत नसेल तर आधी निदान करा, मग बटणं दाबा.

पहिला संवाद बघा, शेवटचा बघा. दोन्हीकडे फरक सारखाच (समजा 3 सेकंद) असेल तर सरळ सरकवायचं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये एच दाबलं की सबटायटल उशिरा येतं, जी दाबलं की लवकर, एका दाबाला 50 मिलिसेकंद. म्हणजे 3 सेकंदांना 60 वेळा. त्यापेक्षा ट्रॅक सिंक्रोनायझेशनच्या खिडकीत आकडाच टाका.

सुरुवातीला जुळतंय आणि पुढे फरक वाढत जातोय, तर सरकवून काही होणार नाही. कारण वेग वेगळा आहे. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींचा (डिस्कवर 23.976), युरोपी टीव्हीची पद्धत 25 ची. एकाचं सबटायटल दुसऱ्यावर लावलं की 90 मिनिटांत जवळजवळ 3 मिनिटं 50 सेकंदांची तफावत पडते. सबटायटल एडिट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात 'चेंज फ्रेम रेट'मध्ये 25 वरून 23.976 करा. सबटायटल हळूहळू मागे पडत असेल तर उलट करा. काम झालं की फाइल वेगळ्या नावाने ठेवा, मूळ पुसू नका.

मध्येच एका ठिकाणी उडी मारून बिनसत असेल तर तुमची आवृत्ती आणि सबटायटलची आवृत्ती वेगळी. त्याच सॉफ्टवेअरमधलं 'पॉइंट सिंक' वापरून उडीच्या आधी आणि नंतर दोन-दोन खुणा द्या.

यावरूनच एक खुलासा. 98 मिनिटांचा 'क्लोज-अप' तुमच्याकडे 94 मिनिटांचा भरला तर लगेच 'कापलाय' म्हणू नका. 24 चा 25 वर पळवला की 98 चे 94 च होतात, 123 चे 118. यापेक्षा जास्त तूट असेल तर मात्र कात्री लागलीय.

मराठी सबटायटल चौकोन-चौकोन दिसत असेल तर फॉन्टचा प्रश्न, प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्ट निवडा. अगम्य चिन्हं दिसत असतील तर फाइल नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-8 मध्ये साठवा. जुन्या प्रतींत पांढरी अक्षरं चित्रातच छापलेली असतात, बर्फावर किंवा चुन्याच्या भिंतीवर ती दिसत नाहीत, आणि त्याला इलाज नाही. दुसरी प्रत बघा.

आणि टीव्ही! मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारी सोय) बंद. चित्राचा आकार 'ओरिजिनल'. 'क्लोज-अप' जवळपास चौकोनी आहे, दोन्ही कडांना काळे पट्टे राहणारच. ते भरून काढायला ताणलंत की सब्झियान दोन इंच रुंद होतो.

मोगरा७२

साष्टांग नमस्कार घ्या. 25 चा प्रकार आज कळला.

जाईजुई

माजिद मजिदी कोणीच घेतला नाही? 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (1997) हा ऑस्करच्या परभाषा विभागात नामांकन मिळालेला पहिला इराणी चित्रपट आहे. बुटांचा एक जोड, दोन भावंडं, सकाळ-दुपारची शाळा.

फुटकळ

मुद्दाम नाही घेतला. मजिदी डोळ्यांत पाणी आणायचं ठरवूनच बसतो. पनाहीच्या मुलीला मासा हवाय म्हणून ती चक्क हट्टी आणि थोडी लबाडसुद्धा आहे. मजिदीची मुलं फारच गुणी.

जाईजुई

गुणी असायला काय हरकत आहे? आणि शेवट तितका रडवा नाही, लोक नीट बघत नाहीत. (रसभंग) अली पायाचे फोड हौदात बुडवून बसतो त्याच्या थोडंसं आधी वडिलांच्या सायकलवर नवे बूट लावलेले दिसतात. क्षणभरच. मुलांना ते ठाऊक नाही, आपल्याला आहे. ही जागा सुटली तर चित्रपट निम्माच पाहिला म्हणायचा.

रीळवाला

जाईताईंना +१. मजिदीने पुढे 'बियाँड द क्लाउड्स' मुंबईत काढला, 2017 च्या गोव्याच्या इफ्फीचा (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा) उद्घाटनाचा चित्रपट तोच होता. तो मात्र फुटकळरावांच्या हवाली करतो, हवं ते म्हणा.

माझ्याकडून तीन भर.

'द हाउस इज ब्लॅक' (1963). फरुग फर्रुखजाद या कवयित्रीने तब्रीझजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत केलेला माहितीपट, वीस-बावीस मिनिटांचा. जेवण करता करता बघायचा नाही.

'द काउ' (1969, दारिउश मेहरजुई). गावातली एकुलती एक गाय मरते, मालक गावाबाहेर गेलेला, गाव त्याच्यापासून ते लपवतं. इज्जतोल्ला इंतेजामीचं काम बघण्यासाठी तरी बघाच. गाईवर जीव असलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे काही समजावून सांगायला नको.

'बाशू, द लिटल स्ट्रेंजर' (बहराम बैझाई). युद्धात घर गेलेला दक्षिणेकडचा मुलगा मालमोटारीत लपून थेट उत्तरेच्या गिलानमध्ये पोचतो. तो अरबी बोलतो, त्याला आसरा देणारी नाई गिलकी बोलते, दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नाही. सबटायटल मात्र दोघांचंही बोलणं सारख्याच इंग्रजीत देतं आणि चित्रपटाचा कणाच मोडतो. उपाय: पहिल्या भेटीचे प्रसंग सबटायटल बंद करून बघा, मग चालू करून पुन्हा. शाळेच्या पुस्तकातली फारसी दोघांमध्ये पूल होते तो प्रसंग तेव्हाच भिडतो.

बाल्कनी_क

बाशूबद्दलचं पटलं. उत्तर इराणमधल्या कोकेर गावाभोवतीच्या कियारोस्तामीच्या तीन चित्रपटांचा क्रम राहिला होता: 'फ्रेंड्स हाउस', मग 'अँड लाइफ गोज ऑन' (1992), मग 'थ्रू द ऑलिव्ह ट्रीज' (1994). हा मोडू नका. 1990 च्या भूकंपात तो भाग उद्ध्वस्त झाला, दुसऱ्यात दिग्दर्शकाचं पात्र पहिल्यातल्या मुलांना शोधायला निघतं, तिसऱ्यात दुसऱ्यातल्याच एका प्रसंगाचं चित्रीकरण चाललंय. उलट्या क्रमाने डोक्यात काही शिरणार नाही. डोंगरावरची ती नागमोडी वाट पुन्हा दिसेल, ओळखा.

शेवटी येणाऱ्या नावांत इराणी साल असतं. त्यात 621 मिळवा: 1366 म्हणजे 1987. वर्षाचे शेवटचे तीनेक महिने एकाने पुढे जातात.

पेठेतला_प्रेक्षक

अवांतर, पण आपल्या घरचं: पहिला फारसी बोलपट मुंबईत झालाय. 'दोख्तर-ए-लोर', 1933, इंपीरियल फिल्म कंपनी, म्हणजे 'आलम आरा'वालीच. दिग्दर्शक अर्देशिर इराणी, जन्म पुण्याचा. पटकथा आणि नायकाचं काम अब्दुलहुसेन सेपांता यांचं. नंतरही त्यांनी इथे फारसी बोलपट केले. आज बघताना फार अपेक्षा ठेवू नका, इतिहास म्हणून बघा.

मोगरा७२

सोसायटीच्या सभागृहात 'व्हाइट बलून' लावायचा विचार आहे. डिस्क विकत घेतली की झालं ना?

पेठेतला_प्रेक्षक

नाही हो. घरगुती डिस्क किंवा ओटीटीचं खातं घरापुरतं. सभागृहात दाखवायचं तर प्रदर्शनाचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची वेगळी लेखी परवानगी, तिकीट नसलं तरी. जवळच्या फिल्म सोसायटीला विचारा, त्यांना वाट माहीत असते.

मोगरा७२

बरं. मग घरीच. मुलगी 8 वर्षांची, इंग्रजी सबटायटल वाचण्याइतका वेग नाही.

जाईजुई

आधी कियारोस्तामीचा 'ब्रेड अँड अॅली' (1970) दाखवा. दहा मिनिटांचा, संवाद जवळपास नाहीतच: पाव घेऊन घरी निघालेला मुलगा आणि गल्लीत बसलेला कुत्रा. मग 'व्हाइट बलून'. सबटायटल तुम्ही मराठीत मोठ्याने सांगा, पण प्रत्येक ओळ नको. दर तीन-चार ओळींनी एक वाक्य पुरतं. 85 मिनिटं सलग नको वाटली तर नोट जाळीत पडते तिथे थांबा, उरलेला दुसऱ्या दिवशी. आणि शेवटची चौकट फुगेवाल्या अफगाण मुलावर का थांबते ते तिला आधी सांगून टाकू नका, ती स्वतः विचारेल.